चतुर्दशीला सव्वीस दिवस

पहाटे चारला सिरपूर तलावावर,
दुपारी मल्हारगंजात, बँडच्या दुकानात, टांगलेल्या वर्द्यांच्या आड,
रात्री गच्चीवर, कर्ण्यात उशीचा अभ्रा कोंबून.
झांकीपुढं वरचा सा मीच लावणार होतो
आणि चतुर्दशीला सव्वीस दिवस होते.

आठव्या दिवशी पोह्यांवरचं लिंबू झोंबलं.
नवव्या दिवशी झोंबेना.
वरचा ओठ दुसऱ्या कुणाचा तरी
माझ्या तोंडावर आणून चिकटवल्यासारखा.
ट्रम्पेट दाबून धरला.
सूर नाही, नुसती फुसफुस,
स्टोव्हमध्ये कचरा अडकल्यावर येते तशी.
मी आणखी दाबला.

गेंदालाल मास्तर सुपारी कातरत होते.
उठले, माझी हनुवटी उजेडाकडं वळवली.
ओठावर कडी उमटलेली, जुन्या चार आण्याएवढी,
मध्ये जांभळी.
"पितळ चिरलं तर तांबट झाळ देतो, भिया.
हे कोण झाळणार?"
आणि माउथपीस उपसून
सदऱ्याच्या खिशात टाकला.
किण्णकन वाजला. आत आधीच काहीतरी होतं.

आठ दिवस सुट्टी.
सायकलच्या ब्रेकवर तीन बोटं नाचवली,
आईचं दळण आणलं, तिनं न सांगता,
ओठाला तूप लावून भिंतीकडं तोंड करून पडलो.
मग दुकानात जाऊन बाकावर बसलो
आणि बाकीच्यांचं वाजवणं ऐकलं.
तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.
जगन्नाथ श्वास कुठं चोरतो ते,
आणि युफोनियमवाला दिलावर
चार मात्रा गप्प बसतो तेव्हा
गाणं कसं थांबत नाही ते.

मास्तरांना फुंकताना मी कधी पाहिलं नव्हतं.
हातात छडी, टाचेनं ताल.
चहा बशीत ओतून प्यायचे, तो डाव्या कोपऱ्यातून
थोडा ओघळायचा, गमछ्यानं टिपायचे.
मला वाटायचं, वय.

नवव्या दिवशी त्यांनी खिसा चाचपला. दोन निघाले.
एक माझा.
दुसऱ्याचा चांदीचा मुलामा उडालेला, कड झिजून पिवळी.
"सव्विसावं वर्ष होतं," म्हणाले. "रोज आठ तास.
हाच वरचा सा."
पुढं काही सांगितलं नाही.
माझा माझ्या हातात दिला, त्यांचा परत खिशात गेला.
"जेवढं वाजवशील तेवढं गप्प बसायचं. मोजून."

चतुर्दशीच्या रात्री अडीच वाजता
राजवाड्यापाशी झांकी अडकली.
पुढच्या आखाड्यातली पोरं अजून पटे फिरवत होती.
वरचा सा जगन्नाथकडं होता.
मी खालच्या ओळीत, ट्रम्पेट काखेत,
अकरा मात्रांची विश्रांती मोजत उभा.
सात. आठ.
छडी वर, मास्तर माझ्याकडं बघत नव्हते.
नऊ.
जिभेनं ओठ चाचपला. माझाच होता.
दहा.