दोराचं टोक

वसतिगृहातल्या बारा खाटा मला अंधारातही पाठ आहेत.
खिडकीशेजारची सातवी, तेमुलेनची.
वय सहा. घर ऐंशी किलोमीटरवर, गोबीच्या अंगाला,
तेही रस्ता दिसत असला तर.

पहाटे चारला मी शेगडीत कोळसा सारते,
मग त्याच्या पांघरुणाखाली हात घालून पाहते.
ओलं लागलं की चादर बदलते, न बोलता.
बाकीची पोरं उठायच्या आत
ती शेगडीमागच्या तारेवर सुकलेली असते.
वहीत नोंद करायचा नियम आहे.
करत नाही.

यंदा जुद पडला.
आधी चार दिवस ऊन, बर्फाचं पाणी,
मग एका रात्रीत सगळं गोठलं:
खाली गवत, वर काच.
मेंढ्या उभ्या उभ्या गेल्या, असं लोक सांगतात.
तेमुलेन काहीच सांगत नाही.
वर्गात बेरजा भराभर करतो,
वजाबाकी आली की पेन्सिल खाली ठेवतो.

मुख्याध्यापक म्हणाले, पोरगं कणखर आहे, डोळ्यांत टिपूस नाही.
मी मान डोलावली, पगार त्यांच्याच सहीनं येतो.
पण या मुलखात मी खडक तडकताना ऐकलेत,
भर हिवाळ्यात, मध्यरात्री,
बंदुकीसारखा आवाज होतो.

मार्चमध्ये बाप आला मोटारसायकलवरून, मिशीत बर्फ.
नाव चुलूनबात, म्हणजे पक्का दगड.
आजोबांनी हौसेनं ठेवलेलं.
हातात आरुलची पुरचुंडी, सुकवलेल्या दह्याच्या वड्या.
मला दारातच बाजूला घेऊन म्हणाला,
"त्याला कळू देऊ नका. विचारलं तर सगळं बरं आहे म्हणा."

मी विचारलं, वादळात तुमचा गेर उडू नये म्हणून काय करता?
तो बुचकळ्यात पडला. "छताच्या कड्याला दोर असतो.
तो धरून लोंबकळतो सगळे."
आणि पोरं?
"पोरंही. त्यांचंही वजन लागतंच की…"
आणि तिथंच थांबला.
टोपी काढून हातात घेतली.

सातव्या खाटेवर बसून त्यानं सांगितलं,
तीनशेतली एकेचाळीस उरली.
तपकिरी कोकरू?
आहे, त्यात आहे.
लंगडी शेळी?
नाही रे.

मग तेमुलेन बापाच्या जाड डगल्यात तोंड खुपसून
असा रडला की खाटेच्या पट्ट्या करकरल्या.
आणि तो दगड नावाचा माणूसही.
मी व्हरांडा झाडत राहिले.
व्हरांडा सकाळीच झाडलेला होता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं म्हणाले तर मी खोटी.
त्याच आठवड्यात चादर दोनदा ओली झाली.
फक्त दुसऱ्या वेळी
मी खुर्चीत पेंगत होते, चार वाजायचे होते,
आणि माझ्या खांद्याला गार बोट लागलं.
"बाई, उठा. माझी चादर."

न्हाणीत एक टोक त्यानं धरलं, एक मी.
मी जोर लावून पीळ दिला.
इवल्या मुठी, पांढरी पडलेली बोटं,
पण टोक सुटलं नाही.