नवी मालिका

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली.
शीट उचलायची, उजेडात धरायची,
शाई पसरली, अंक सरकला, की लाल खूण.
त्यामुळे माझ्यासोबत पिक्चरला कुणी येत नाही.

तरी हर्षाली आली. बोरस्तेची धाकटी.
म्हणाली, काका, तुमचं ते यान परत आलंय,
सगळं नव्याने, अगदी पहिल्यापासून.
उंटवाडीच्या मॉलमध्ये, दुपारचा खेळ.

तुमचं म्हणजे माझं आणि तिच्या बापाचं.
ब्याऐंशी साली एका सायकलवर डबलसीट
आम्ही देवळाली कॅम्पला जायचो,
फौजी लोकांच्या थेटरात. इंग्रजी निम्मं कळायचं.
यान थर्माकोलचं, दोरी दिसायची.
दार आपोआप उघडायचं, म्हणजे
कडेला चार बोटं दिसायची, ढकलणाऱ्याची.
आणि अवकाशात, जिथे शांतता हवी,
तिथे तोफखान्याचा रात्रीचा सराव.
धप्प. खुर्च्या हलायच्या.
बोरस्ते म्हणायचा, बघ, परग्रहावर पण आपलीच फायरिंग.

आता लाल पेन खाली ठेवून सांगतो:
नवा छापा चांगला आहे.
शनीची कडी आली तेव्हा
माझा हात पॉपकॉर्नच्या डब्यातच राहिला.
जुन्यात यंत्रखोलीतली बाई नुसती किंचाळायची.
आता तीच पान्हा घेऊन यान वाचवते,
आणि तिला नाव आहे.
दोरी कुठेच नाही. मी शोधली.

पण कप्तान गप्प बसत नाही.
जुना खिडकीपाशी उभा राहायचा, पाठमोरा,
आणि परत येताना आम्ही दोघं
बिटकोपर्यंत भांडायचो, तो काय विचार करत असेल.
ह्याचं बालपण दाखवलं, मेलेला भाऊ दाखवला,
भावाचं पत्रसुद्धा वाचून दाखवलं.
भांडायला काही ठेवलंच नाही.

मधेच जुन्यातलं एक वाक्य येतं,
आणि टाळ्यांसाठी सगळे थांबतात, पडद्यावरचेही.
वॉटरमार्क असा वर छापत नाहीत रे बाबांनो,
तो कागदाच्या आत असतो,
उजेडात धरणाऱ्यासाठी.

यंत्रमानव विझला तेव्हा हर्षाली रडली.
हळूच विचारलं, बाबा इथे रडायचे का?
खरं सांगायचं तर बाबा तेव्हा
बाहेर भिंतीपाशी उभा असायचा, तिन्ही वेळा.
मी म्हटलं, हो, थोडंसं.

शेवट नाहीच. पुढचा भाग दोन वर्षांनी.
तेवढी उमेद ह्या वयात कुणी गृहीत धरली,
हेही एका अर्थी बरंच.

चुकलेली नोट आम्ही तुकडे करायला पाठवायचो.
निवृत्त झाल्यावर कळलं,
एखादी निसटलेली लोक हजारांत घेतात,
काचेखाली ठेवतात.
त्या चार बोटांचा माणूस कोण असेल?
घरी जाऊन त्याने सांगितलं असेल का,
की मी यानाचं दार उघडतो?

पार्किंगवाल्याने सुटे परत दिले.
सवयीने नोट वर धरली, ट्यूबलाइटकडे.
नवी मालिका. कडा सरळ, अंक जागेवर.
काका, खोटी आहे का, हर्षालीने विचारलं.
नाही गं. चांगली आहे.
उलटून पुन्हा एकदा पाहिली.
चूक सापडली नाही,
आणि जरा वाईट वाटलं.