चौथी बाटली

अशोक चौकातून पाच बाटल्या आल्या,
फॉर्मलिनमध्ये तांदळाच्या कणीएवढे तुकडे.
चिठ्ठीवर: नरसव्वा येमूल, चोपन्न, बिडी कामगार.
जळजळ. भाकरी नको वाटते.
कुठला तुकडा कुठून काढला, तेही लिहिलंय, नशीब.
सगळे एकाच बाटलीत कोंबणारेही आहेत या गावात.

फय्याज ते मेणात बसवतो, कापतो,
केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक.
कोमट पाण्यावर फीत पसरते, सुरकुती जाते.
मग जांभळा रंग, मग गुलाबी.
मे महिन्यात वीज गेली की मेण मऊ पडतं,
तो बर्फाच्या लादीला दख्खनीतून शिव्या घालतो.

बाबा चादरीच्या कारखान्यात तपासनीस होते.
खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर चादर.
"दोष शोधायचाच नाही," म्हणायचे.
"चांगली वीण इतकी बघायची
की वाईट आपणहून डोळ्यात खुपते."

पहिल्या तिन्हीत सूज,
आणि श्लेष्मात स्वल्पविरामासारखे जंतू.
पाचवी जवळजवळ निरोगी.
चौथीत, वळणावरच्या तुकड्यात,
जठर जठर राहिलेलं नाही.
आतड्याच्या पेशी येऊन बसल्यात, सुरईच्या आकाराच्या, निळ्याशार,
भाड्याच्या खोलीत कुणी आपलं देवघर मांडावं तशा.
त्यांचं एवढं भय नाही. वर्षानुवर्षं नुसत्या बसून राहतात.

पण एक ग्रंथी.
केंद्रकं लांबट, गडद, एकमेकांच्या अंगावर चढलेली.
सुजेनं घाबरलेल्या पेशीही
अशाच दिसतात, हुबेहूब.

"धागा तुटला तर एका चादरीत तुटतो.
जकार्डच्या पुठ्ठ्यात भोक चुकलं
तर पुढच्या प्रत्येक मोराला एक पाय कमी."

म्हणून वर बघायचं, ग्रंथीच्या तोंडाशी:
चढता चढता पेशी शहाण्या होतात,
की पुठ्ठाच चुकलाय?

बहुतेक होतात.
दोन ठिकाणी नाही.

"अजून खोल काप."
फय्याज सहा काचा देतो. सातव्या वेळी तुकडाच संपतो.

डॉक्टर हत्तुरे चहा गार होईपर्यंत बघत राहतात.
"मी 'नाही' लिहिलं नसतं," म्हणतात.
"'हो'पण लिहिलं नसतं."

मग मी ते वाक्य टाइप करते, जे कुणालाच आवडत नाही:
कर्करोगपूर्व बदल आहे की नाही, निश्चित सांगता येत नाही.
आधी जंतूंवर उपचार.
तीन महिन्यांनी पुन्हा तुकडे, त्याच जागेचे.
"त्याच जागेचे"खाली रेघ.

काउंटरवर मुलगा विचारतो, "म्हणजे आहे का नाही?"
"डॉक्टरांना दाखवा," पोरगी म्हणते.
तो कागदाची चौपदरी घडी करतो,
उलगडतो, पुन्हा करतो.

चौथीच्या काचा मी खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ठेवते,
वर पेन्सिलीनं: ऑगस्ट.
परत आलेल्यांच्या मी तिथून काढून घेते.
गेल्या वर्षीच्या नऊ अजून तिथेच आहेत.