किल्ल्यांचा जुडगा

विट्यात आमच्या कॉलनीतल्या घरांना लांबच्या गावांची नावं आहेत:
'सेलम', 'ईरोड छाया', 'मदुराई निवास',
एका गेटवर नुसतंच 'कटक'.
मालक तिकडं सोनं गाळतात,
घरं इकडं कुलपात.
म्हणून कुत्री लागतात, असं सगळे म्हणतात.

रासकर पाच फुटांचे, भाऊबंदकीत कायम मागं सरलेले.
त्यांनी रॉटवायलर आणला,
आणि त्याला हाक मारताना
रासकरांचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.
घोरपडेबाईंना पोमेरियनच हवा होता, तोही पांढरा.
शाळेत असताना मामलेदाराच्या मुलीकडं तसला होता,
आणि तिनं ह्यांना हात लावू दिला नव्हता.

मी म्हणालो, मला कारवानी पाहिजे.
बायको म्हणाली, बरगड्या मोजता येतात ते?
लोक म्हणतील, जेवायला घालत नाहीत.
मी म्हणालो, पळतं चांगलं.
"आता आपल्याला कुठं पळायचंय?"
ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

जतच्या पुढं, संखच्या वाटेला,
निंगव्वाच्या खोपटामागं
तुरकाट्यांच्या आडोशाला पाच पिल्लं.
"छातीत दोन बोटं बसत्यात का बगा.
मानंला धरून उचला.
वरडलं तर ठिवा खाली.
वरडत न्हाई त्ये खरं."

चाळीस वर्षं मी कस लावला.
काळ्या दगडावर रेघ, रेघेवर तेजाबाचा थेंब,
राहिली तर सोनं.
इथं दगड नव्हता.
खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला,
पत्र्यावर टाकला.

चौघं फुटली चार वाटांनी.
पाचवं, काळं, हललं नाही.
उचललं तर पाय सैल सोडून लोंबत राहिलं,
कुणीतरी आधीच सांगून ठेवल्यासारखं.
"ह्येच," निंगव्वा म्हणाली. "डोळे झाकून घ्या."

डोळे झाकले नाहीत,
तरी आमचं अंगण दिसलं.
मामा ईरोडहून आलेले, बोटात अंगठी,
आम्ही तिघं भाऊ ओळीनं.
भट्टीवर बसायला एकच पोरगं न्यायचं होतं.
थोरला औताला लागत होता.
धाकट्यानं आईचा पदर धरून भोकाड पसरलं.
मामांनी माझा दंड दाबला,
"हात बघू" म्हणाले. मी दाखवले.
आबा म्हणाले, ह्यो न्हाई रडत. ह्याला न्या.

खरं होतं ते.
नंतरचं कुणी विचारलं नाही,
मिरजेला गाडी हलल्यावरचं.

काळं खाली ठेवलं.
ते सावकाश चालत आईकडं गेलं,
कुणाची घाई नसल्यासारखं,
आणि तिच्या पोटाखाली तोंड घातल्यावर मग
पाठीपासून शेपटीपर्यंत
थरथरायला लागलं.

"ह्ये नगं?" निंगव्वाला पटेना.
मी तांबडी उचलली,
हात लागायच्या आधीच किंचाळणारी,
मागच्या एका पायात पांढरा मोजा.
"बुजरी हाय वं ती," म्हणत
तिनं आपणहून पाचशे कमी केले.
माझी कीव आली असणार.

नागज फाटा गेला, भिवघाट गेला,
तांबडी रडत होती.
बायको एका कानात बोट घालून, दुसऱ्या हातानं
तिला पदरात धरून बसली होती.
"ही करणार राखण?"
ड्रायव्हर हसला. मीही हसलो.

आता रात्रीचे दोन.
'कटक'च्या वॉचमननं बॅटरी मारली,
काय झालं शेठ?
काही नाही म्हणालो.

पायरीवर बसलोय,
ती मांडीवर, जरा कुठं थांबलेली.
किल्ल्या वाजल्या की पुन्हा सुरू होते,
म्हणून जुडगा मुठीत घट्ट धरलाय.
पाय मुंग्या येऊन बधिर झालेत.
दार उघडंच आहे.