सोमवारचा साचा

लुमेझ्झानेत डोंगर इतका अंगावर येतो
की कारखान्याच्या छपरावर दुसरा कारखाना उभा आहे.
सगळ्यांत खाली आम्ही:
मी, फाउस्तो पिंतोस्सी,
आणि टेबलावर उताणा पडलेला अर्धा साचा.

आधी लाल रंग लावायचा. दहा मिनिटं थांबायचं.
पुसायचा, सगळा गेला असं वाटेपर्यंत.
मग पांढरी भुकटी फवारून बघत बसायचं.
पोलादाच्या पोटात जे शिरलंय ते आपणहून वर येतं.

आलं.
आधी कडेला, केसाएवढं.
मग पंपाच्या मानेपाशी जाळंच.

"त्र्याण्णव हजार," फाउस्तोने वही मिटली.
"दीड लाख नग निघायला हवे होते."

या पोलादाला पाणी देतात ते पाण्यात नाही.
हजारावर वीस अंश, मग नुसता नायट्रोजनचा झोत.
मग पुन्हा सहाशेवर. पुन्हा. आणि तिसऱ्यांदा,
कारण पहिल्या खेपेला ते टणक होतं, शहाणं होत नाही.
सहाशे ऐंशीचं ॲल्युमिनियम आत घ्यायचं,
लगेच अंगावर गार फवारा घ्यायचा,
मिनिटभरात पुन्हा तेच.
कॉफीयंत्राचा पंप असा जन्मतो,
आणि कॉफी पिणाऱ्याला काही पत्ता नसतो.

ऑस्ट्रियाहून पोलादवाल्यांचा माणूस आला होता,
स्वच्छ बुटांचा. कागद दाखवून गेला.
कठीणपणा शेहेचाळीस, कागदावर आणि खरंच.
मालक म्हणाले, वकील बघतो.

तेव्हा दारात थिएर्नो गेये,
हेल्मेट काखेत, पाळी संपलेली.
"जानेवारीतला सोमवार," तो म्हणाला.
"सुट्टीनंतरचा. ट्रक उभा होता बाहेर.
हीटरला तीन तास लागतात. मालक म्हणाले, चल.
तळवा ठेवता येत होता साच्यावर, एवढा गार.
मी ओतलं.
आवाज आला."

"तड्याचा आवाज येत नाही," फाउस्तो म्हणाला.

"मला आला."

कुणीच काही बोललं नाही. वरच्या मजल्यावर
कुणाचा तरी प्रेस ठोकत होता, सुरीची पाती बहुधा.
फाउस्तोने माझ्यापुढे फॉर्म सरकवला.
'कारण' या रकान्यात थिएर्नोचं नाव मावलं असतं,
मालकांचंही.
मी पेन उघडून बराच वेळ धरलं,
मग लिहिलं: गार होता.

नवा साचा मार्चमध्ये लागला.
पहिल्या सोमवारी पहाटे चारला
फाउस्तो स्वतः हीटर लावायला आला
तर आत दिवा होता.

थिएर्नो हातमोजा काढून उभा,
तळवा साच्यापासून चार बोटं वर,
लेकराच्या कपाळावर धरावा तसा,
फक्त ताप चढावा म्हणून.

"किती?"
"एकशे चाळीस," तो म्हणाला. "अजून नको."
फाउस्तोने कोट काढला नाही.
खुर्ची ओढून बसला.