वाल दचकवताना

सतरा वर्षं अब्बांनी जहाजावर
दर गुरुवारी एकच कालवण रांधलं
आणि एकदाही चाखलं नाही.
खलाशी सगळे स्पेनचे, हिहोन बंदराकडले.
टपोरे पांढरे वाल, डुकराचा खूर, रक्ताचं काळं सॉसेज,
वर केशराच्या चार काड्या.
मीठ बघायला उर्बानो होता, इंजिनात तेल घालणारा.
अब्बा उजव्या अंगाला डाव धरायचे, न बघताच,
तो फुंकर मारायचा, चाखायचा,
बोटांनी सांगायचा: अजून.

आता जयगडला, खाडीकडल्या पडवीत,
तय्यबकडून बोकडाचे खूर आलेत.
मिरच्या दोन दिवस करवंटीच्या धुरावर टांगल्या होत्या,
आईच्या ओढणीचा वास अजून गेलेला नाही.
'होडेकर, घर पेटवलंत काय?' रस्त्यावरून कुणीतरी.

उकळी आली की अब्बा गार पाण्याचा तांब्या उचलतात.
'वालांना दचकवायचं असतं. तीनदा.
भ्याले की साल सोडत नाहीत,
आतून मात्र मऊ होतात.'
आई कांदा चिरताना मान वर न करता म्हणते,
'दर तुफानाला मला दचकवलंत,
मी नाही झाले मऊ.'

डाव घालायचा नाही म्हणे.
टोपाचे कान धरून नुसतं हिंदोळायचं.
हे कुणी शिकवायला नको,
बांगड्याचं कालवण आम्ही असंच हलवतो.

चार तास.
ओहोटी लागली, होड्या गाळात एका कुशीवर कलल्या.
अब्बांनी झाकण काढलं,
डाव भरला
आणि उजव्या अंगाला धरला, न बघताच.

तिथे फ्रीज होता.

मी उठले. फुंकर मारली.
आधी धूर, मग वालाचा पिठूळ गोडवा,
ओठांना खुराचा चिकटा,
केशर फार उशिरा, जिभेच्या मागे कुठेतरी.
'असंच लागतं का गो ते?'
मला विचारत होते. मला!

मी बोटांची चिमूट करून दाखवली.
'एकच? तो तीन मागायचा.'
चिमूट टाकून ते थोडा वेळ टोपाकडे बघत राहिले.
'खारट खायचा म्हणजे, लेकाचा.'

मग तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला,
बुडवला, तोंडात घातला,
आणि भरतीचं पाणी होड्यांखाली शिरेपर्यंत
आमच्यापैकी कुणाशीच बोलले नाहीत.