आल्तिनोवरची रात्रपाळी

साडेआठच्या पत्रकात मी लिहिलं: वारा पंचाऐंशी.
सही केली, शिक्का मारला.
खाली मांडवीत कसिनोंचे दिवे
नेहमीसारखे हात धूत होते.

मध्यरात्री चित्र बदललं.
मघाशी जे ढगांचं फिसकटलेलं पीठ होतं
त्याच्या मधोमध टाचणीने टोचावं तसं भोक.
डोळा.
अडीचला एकशे तीस. साडेपाचला एकशे नव्वद.
माझी सही अजून पंचाऐंशीखाली वाळत होती.

कुटबणहून फेर्मिनाबाईचा फोन. तिसरा.
"बाय, काल तर एवढुसं होतं.
एका रातीत खाल्लं तरी काय त्यानं?"

पाणी, म्हटलं. एकतीस अंश,
आणि नुसतं वरवरचं नव्हे, खोल खोल ऊन.
वरून आडवा वारा नाही त्याची मान पिळायला.
जितकं आत ओढतं तितकी गिरकी घट्ट,
जितकी गिरकी घट्ट तितकं आणखी ओढतं.
"म्हणजे व्याजावर व्याज," ती म्हणाली.
तिचा 'सां जुझे' बँकेकडे गहाण आहे.
बंदीला आठ दिवस उरले म्हणून पाठवलेला,
तांडेल बुधनाथ, सिमडेग्याचा,
ज्याने एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला.

दुपारी त्या भोकाभोवती, बरंच दूर,
दुसरं कडं उगवू लागलं.
मला बाबा आठवले, शिरदोणच्या किनाऱ्यावर
रापण ओढताना. दोरीला वीस माणसं,
टाचा वाळूत रुतलेल्या,
आणि शेवटी जाळ्यात दोन पाट्या वेलच्या आणि प्लास्टिक,
कारण बाहेर, अंधारात, पर्सीनवाल्यांनी
गोल जाळं टाकून बांगडा आधीच उचललेला.
इथेही तसंच. बाहेरची भिंत
येणारी वाफ वाटेतच खाते.
आतली उपाशी. तरी फिरत राहते
जुन्या सवयीने,
मग सैल पडते.
पुस्तकात याची कारणं आहेत. वेळ दिलेली नाही.

शिवाय ते रेंगाळलं. सहा तास जवळपास एका जागी.

लहानपणी मानशीच्या पोंयीत उड्या मारायचो आम्ही.
मे महिना; छातीपर्यंत पाणी ऊन, घोट्यांना गार.
धुडगूस घातला की तळचं सगळं वर:
गाळ, गारवा, एखादा चिडलेला खेकडा.
मग काठावर दात वाजवत बसायचं,
ज्याने जास्त घुसळलं त्याला शिव्या देत.
त्या संध्याकाळी ते उभं होतं
स्वतःच घुसळून वर आणलेल्या पाण्यावर.
भूक तेवढीच. ताट गार.

मी लिहिलं: एकशे दहा.
वर्तमानपत्रातून एक पोरगा हसला,
"हवा गेली का तुमच्या वादळातली?"
मिरामारला लोक फोटो काढायला जमले.
फेर्मिनाबाई म्हणाली, "देव बरें करूं."

मला सांगावं लागलं
की कमी झालं म्हणजे लहान झालं नाही.
मूठ होती, तिचा पंजा झालाय.
आता बोटं लांबवर पोचतात.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग, "साधारण किती लांब?"

मी कंपास लावला.
वर्तुळ कारवारच्याही खाली गेलं.
तिला म्हटलं, थांब, परत मोजते.
परतही तेवढंच आलं.

चौथ्या दिवशी 'सां जुझे' सापडला,
अंजदीवच्या आडोशाला, आठही माणसं.
बुधनाथने फोनवर पहिलं काय विचारलं तर
वितळलेल्या बर्फाचे पैसे कुणाच्या हिश्श्यातून कापणार.

पंचाऐंशीचं पत्रक मी फाईलला लावलं.
नकाशावर पुढे आठवडाभर
ते गेलं त्या वाटेवर एक निळसर पट्टा दिसत राहिला,
आजूबाजूला तीस, तिथे सव्वीस.
खालचं पाणी अजून वरच होतं.